बैलांचा सोमवार

आमच्या गावात सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. बाईला कुठल्याच देवानं वार दिला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटतही नव्हतं. हात रिकामा राहिला की उलट चोरी केल्यासारखं व्हायचं.

लढाई चालू होती. आमचे हे फौजेत. रजेवर आले, आणि बघता बघता रजेतला शेवटचा सोमवार उजाडला. मी शेणात हात घातलेला, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. भाकरी घिऊन मळ्यात जा, आन् बस जरा त्याच्यासंगं. बैलंबी बसल्यात."

मी गारच! सासू, आणि सुनेला बस म्हणते? टोमणा होता का काय, कळेना. निघाले, पण वाटेत दोनदा मागं वळून बघितलं.

हे विहिरीच्या कट्ट्यावर होते. जेवले. "बस," म्हणाले. मी बसले. हात कुठं ठेवावेत सुचेना, म्हणून शेजारच्या वांग्यातलं तण उपटायला लागले.

"आगं, नुसती बस की."

"काय बोलायचं हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? बस."

माझं डोकंच फिरलं. घरी धुणं भिजत पडलेलं. "बोलायचं न्हाई तर बसवलंय कशाला?" म्हणत फणकाऱ्यानं उठले. ह्यांनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना पोचवायला उंब्रजला गेले. मोटारीची वाट बघताना ह्यांना विडी पेटवता येईना. तीन काड्या विझल्या. वारा तर नव्हता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, माणूस भ्यालाय.

त्यानंतर दोन वर्षं दर सोमवारी गोठ्यातल्या बैलांकडं बघून मी स्वतःला शिव्या घातल्या.

हे धडधाकट परत आले, देवाची कृपा. पण बसेनात! पहाटे उठायचं, घोंगड्याची काटेकोर घडी घालायची, फावडं घेऊन बाहेर. सोमवारीसुद्धा. बैल रवंथ करायचे आणि हे बांध घालायचे. एका सोमवारी मी धुणं तसंच टाकून मळ्यात गेले.

"आवं, बसा की जरा."

फावडं थांबलं. "का गं? काय झालं?"

"काय न्हाई."

"मग? काय बोलायचं हाय का?"

बोलायचं काहीच नव्हतं. माणूस परत आलाय, त्याच्याकडं नुसतं बघायचं होतं. पण असलं तोंडानं सांगतात कसं? हे परत माती ओढायला लागले. मी कट्ट्यावर बसून राहिले, एकटीच.