डाव्या पायाचा भार

गिदोन भिंगारदिवे हे नगरच्या एका मिशन शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आणि ड्रॉइंग मास्तराला शाळेत जेवढा मान असतो तेवढाच त्यांनाही होता. म्हणजे गणिताचे मास्तर आजारी पडले की तो तास यांनी सांभाळायचा, नाताळात उपासनेच्या मंदिरात देवदूत यांनी काढायचे आणि कुणी साहेब येणार असला की फाटकावरची पाटी यांनीच रंगवायची. माणूस सरळ. इतका सरळ, की त्यांची बायको लिडियाबाई म्हणत, "यांना वांगी आणायला पाठवावं, तर भाजीवाल्याला त्याची वांगी किडकी आहेत हे पटवून देतात आणि वर तीच घेऊन येतात."

या सरळ माणसाला एक वाकडा नाद होता. त्यांना तमाशातल्या नाचणाऱ्या बायकांची चित्रं काढायची असत, घरी बसून आठवणीतून नव्हे, समोर नाच चालू असताना.

चर्चच्या मंडळीत हे बसत नव्हतं. तमाशाला गेलेला माणूस सापडला, की त्याला प्रभुभोजनापासून लांब ठेवत. त्याला कारणही होतं. मंडळीतल्या पुष्कळांचे आजे-पणजे हलगी-ढोलकी घेऊन गावोगाव हिंडलेले. ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी ती वाद्यं खाली ठेवली ती कायमची, आणि जे सोडून आलो तिकडे मान वळवायची नाही असा पुढच्या पिढ्यांचा बाणा. गिदोन मास्तरांच्या आजोबांची ढोलकीही अशीच सुटली. नातवाने ती कधी ऐकली नव्हती. पण कुठे ढोलकी कडाडली की त्यांचा हात चालू लागे, आणि त्या हातात कोळसा असे.

मास्तरांनी यातून वाट काढली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचे फड देवापुढे नाचून हजेरी देतात. रात्रीचा तमाशा वेगळा आणि हजेरी वेगळी, ती लख्ख उजेडात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या समोर होते, तेव्हा हजेरी म्हणजे काही तमाशा नव्हे, असं त्यांनी पाळकसाहेबांना पटवलं. पाळकसाहेबांना ते मुळीच पटलं नव्हतं. पण नाताळचे देवदूत दुसरं कोण काढणार, हाही प्रश्न होताच. "लांब बसा," ते म्हणाले, "आणि डोळ्यांपेक्षा हातानंच बघा."

तेव्हापासून दर चैत्रात मास्तर सायकल काढत आणि केडगाव मागे टाकून बिरोबाच्या जत्रेला जात. एकोणचाळीस साली लढाई सुरू झाल्यावर बाजारातला चांगला कागद नाहीसा झाला. मास्तर परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका पाठीमागून वापरू लागले, आणि तुरकाठ्या मडक्यात कोंडून भाजून कोळसा घरीच करू लागले. त्यात लिडियाबाईंचं एक बरं मडकं गेलं, त्याचं नाव त्या पुढे कित्येक वर्षं काढत.

हजेरीला ते कडुनिंबाखाली बसत. नजर नाचणारीवर ठेवत आणि कागदाकडे अजिबात बघत नसत. त्यांचं म्हणणं असं, की कागदाकडे पाहिलं की माणूस शहाणपणा करायला लागतो. काही चित्रं नुसती गिचमिड व्हायची. पण एखाद्यात कमरेतून निघालेली एकच रेघ टाचेपर्यंत अशी उतरलेली असे, की बघणाऱ्याने आपोआप ताल धरावा. "माझ्या हातात बाकी काही नसेल," ते म्हणत, "पण तो खोटं काढत नाही." गर्व म्हणावा तर एवढाच होता त्यांना.

सगळ्यात जास्त चित्रं छबूबाईची. श्रीमंत नावाच्या ढोलकीवाल्याच्या फडात ती मुख्य नाचणारी होती. श्रीमंत नावाचाच श्रीमंत. तरुणपणी तो स्वतः फडात नाच्या होता, आता मालक झाला होता. छबूबाई तिशी ओलांडलेली, दिसायला चारचौघींसारखी. पण पायांत चाळ बांधून ती उभी राहिली, की जत्रेतला खेळणी विकणारासुद्धा पिपाणी वाजवायचा थांबे. हजेरी संपली की घाम पुसत ती मास्तरांकडे येई आणि चित्रं बघून म्हणे, "ह्यात मला तोंडच न्हाई की वो!"

"तोंड सगळेच बघतात," मास्तर म्हणत. यावर ती हसे.

त्रेचाळीस साली हजेरी झाली. फडातली माणसं भाकरीला बसली. मास्तरांनी सकाळची चित्रं बाभळीच्या काट्यांनी कडुनिंबाच्या खोडाला टोचली आणि दोऱ्याला खडा बांधून ओळंबा केला. चित्रातल्या माणसाच्या गळ्याच्या खळीपाशी दोरा धरायचा. तो ज्या पावलावर पडेल त्यावर भार. मुलांना ते हे दरवर्षी शिकवत. पहिल्या चित्रात दोरा उजव्या पावलावर पडला. दुसऱ्यातही पडला. मास्तर एकेक चित्र बघत गेले. छबूबाई गिरकी घेवो, थबको, वाको, दोरा उजव्याच पावलावर. सकाळभर समोर बसून त्यांच्या डोळ्यांना हे दिसलं नव्हतं. बाईने ते इतक्या सफाईने लपवलं होतं, की जत्रेतल्या कुणालाच ते कळलं नव्हतं.

मागे चाळ वाजले. छबूबाई उभी होती. तिने दोऱ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"कळलं म्हना की तुमास्नी," ती हळूच म्हणाली.

"काय झालंय पायाला?"

"दिवाळीत गाडीवरनं उतरताना घोटा मुरगाळला. तसाच नाचिवला. आता भार टाकला की डोळ्यापुढं अंधारी येती." ती खाली बसली नाही, फडातली माणसं समोरच होती. "श्रीमंतदादाला कळलं तर मागं झील धरायला हुबी करतील मला. दुसऱ्यांच्या गान्याला सूर धरायचा आन दुसऱ्यांचा नाच बघायचा. मास्तर, मला दुसरं काय बी येत न्हाई वो. आन येत असतं तरी नगं हुतं."

मास्तर चित्रं काढून घेऊ लागले. पण तेवढ्यात श्रीमंत हात धूत आलाच. त्याला तंबूच्या दर्शनी बाजूला लावायला मोठा पडदा रंगवून हवा होता, त्यावर छबूबाई नाचताना. असं काम मास्तरांना आजवर कुणी दिलं नव्हतं. देवदूत सोडले तर माणसाएवढं चित्र काढायची संधीच कुठे मिळाली होती? त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला, कारण श्रीमंताने चित्रं हातात घेतली होती.

त्याने ती एकदा बघितली. मग शेवटच्यापासून उलट पुन्हा बघितली.

"मास्तर, बाई समद्या चित्रात उजव्याच पायावर कशी काय?"

छबूबाई मान खाली घालून उभी राहिली. आपलं काय व्हायचं ते आता मास्तरांच्या तोंडात आहे, हे तिला कळत होतं आणि त्यांनाही.

"ती माझी खोड आहे," मास्तर म्हणाले. "डाव्या पायावरचा भार मला साधत नाही. पहिल्यापासून हात तिकडे चुकतो."

श्रीमंताने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मोठ्याने हसला. "अन मंग पोरांना काय शिकिवता वो, लंगडी?" जेवणारी माणसंही हसली. पडद्याचं काम नगरच्या एका पाटीवाल्या पेंटरला मिळालं. त्याने काढलेली बाई छबूबाई तर नव्हतीच, बाई होती की नाही याचीही शंका यावी. पण दोन्ही पाय जागेवर होते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा मास्तरांनी ते न घेता पुढे सरकवलं. कुणी अडवलं नव्हतं, त्यांनीच स्वतःला अडवलं. लिडियाबाईंच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी विचारलं आणि मास्तरांनी सगळं सांगितलं.

लिडियाबाई तांदूळ निवडत होत्या. "शेजाऱ्याचं वाईट व्हावं म्हणून खोटी साक्ष देऊ नये, असं आम्ही शिकलो. तुम्ही कुणाचं वाईट केलंत?"

"माझ्या हाताचं," मास्तर म्हणाले.

"मग हाताचा तोरा उतरला, ती बाईही तरली. देवानं एका दगडात दोन पक्षी मारले. पुढच्या खेपेला मुकाट्यानं ताट घ्या." बोलणं कडक होतं, पण त्या दिवशी त्यांनी मडक्याचं नाव काढलं नाही.

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला पोसावं लागतं. पुढच्या जत्रेला मास्तर आले तसा श्रीमंत चित्रं बघायला आला, त्याच्या पुढच्या जत्रेलाही आला. हात खरंच डावीकडे चुकत असेल तर तो सगळ्यांच्याच चित्रांत चुकायला हवा. एका छबूबाईच्याच चित्रात चुकला तर लहान पोरालाही उमगेल. म्हणून मास्तर सगळ्याच बायकांना उजव्या पायावर उभं करू लागले. एखादी डाव्या पायावर झेपावली तरी यांची रेघ उजव्यावर. आधी त्यासाठी त्यांना जोर करावा लागे. मग तो लागेनासा झाला. एका सकाळी वर्गात फळ्यावर साधा उभा मुलगा काढताना त्याचा डावा पाय वाऱ्यावर राहिला. मुलं हसली. मास्तरांनी तो पुसला, पुन्हा काढला, आणि तो पुन्हा तसाच आला. त्या दिवशी घरी ते जेवले नाहीत. हाताशी अख्खा जन्म इमानाने वागलेल्या माणसाला तो हात परका झाला, याचं दुःख कुणाला सांगणार? शाळेत त्यांना 'लंगडी मास्तर' नाव पडलंच होतं. ते त्यांना इतकं लागलं नसतं, खोटं असतं तर.

छबूबाई मात्र नाचत होती. चाळांच्या आतून चिंध्या बांधून, दात ओठ खाऊन, पण पुढे उभी राहून. ती समोर आली की मास्तरांना वाटे, झालं ते बरंच झालं. आणि कागद घडी करताना वाटे, नाही झालं बरं.

सेहेचाळीसच्या हजेरीला फडात साळू नावाची नवी पोरगी होती. अंगाने चवळीची शेंग. डाव्या पायावर अशी उसळली, की समोरची म्हातारी माणसंही "आगं आगं" म्हणून उठली. हजेरी संपल्यावर छबूबाई नेहमीसारखी कडुनिंबाखाली आली. मास्तरांच्या मांडीवर साळूचं चित्र होतं. बाईने ते उचललं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

"ही पोर डाव्यावर उसळली," ती म्हणाली. "म्या सोता बघितलं. तुमी उजव्यावर काढली. माझ्यापायी?"

"आधी तुमच्यासाठी काढत होतो," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "आता तसंच येतं."

चित्र हातात तसंच धरून छबूबाई वळली आणि भाकरीला बसलेल्या सगळ्या फडापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, ऐका. माझा डावा पाय कामातनं गेलाय. आज न्हाई, तीन सालं झाली. मास्तरांचा हात चुकला न्हवता. माझ्यासाठी त्यांनी सोताच्या हाताला बट्टा लावून घेतला, आन आता त्यो खरंच चुकाया लागलाय. मला मागं हुबी करा न्हाईतर घरी धाडा. पन मास्तरांना कुनी लंगडी म्हनायचं न्हाई."

श्रीमंत भाकरी मोडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. मी बी पायावरच जगलोय. मास्तरांचं चित्र चुकत न्हाई, ह्ये मला ठावं नसंल व्हय?"

"मंग बोलला का न्हाई?"

"मास्तर एवढं सरळ मानूस. त्ये माझ्या तोंडावर खोटं बोललं. मंग म्या खरं बोलून काय मिळवायचं हुतं?" त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "हाताचं आसं हुईल, त्ये मातर मला ठावं न्हवतं, मास्तर."

छबूबाई तिथेच मटकन बसली. इतकी वर्षं आपण एकटीने लपवतोय असं तिला वाटत होतं, आणि दोन पुरुष आपापल्या जागी तेच लपवत बसले होते. तिला रडू आलं, मग रडतारडता हसू आलं. तिने पायांतले चाळ सोडले, आतल्या चिंध्या सोडल्या, आणि मास्तरांच्या समोर येऊन सुजलेला डावा पाय लांब पसरला. नाचणाऱ्या बाईने चारचौघांत असा पाय पसरलेला त्या जत्रेत कुणी पाहिला नव्हता.

"काढा," ती म्हणाली. "नीट हुईस्तवर काढा. मला आता कुटं जायचं न्हाई."

मास्तरांनी कोळसा घेतला. पहिला पाय वाकडा आला. दुसरा त्याहून वाकडा. ते कागद बदलत राहिले, कपाळ पुसत राहिले. छबूबाई हलली नाही. कडुनिंबाची सावली सरकली, तिच्या पायावर ऊन आलं, मग तोंडावर आलं, तरी हलली नाही. तेव्हा श्रीमंत उठला, आणि तिच्यावर आपली सावली पडेल असा उभा राहिला.