हत्तीवाले काका

बोलता बोलता हत्तीवाले काकांचा आवाज एकदम खाली आला, की समजावं, हत्ती तंबूपाशी आला. मग ते पॉटलकच्या जेवणाचं ताट टेबलावर ठेवत, दोन्ही हात मोकळे करत, आणि इथल्या, अमेरिकेतल्या शुगर लँडमधल्या आमच्या मराठी घरांतली पोरंसुद्धा फोन बाजूला ठेवून ऐकत. मी मात्र दातओठ खात बसे. ती गोष्ट माझ्या नवऱ्याची होती आणि काकांनी ती चोरली होती.

काका-काकू आणि आम्ही दोघं आफ्रिकेत बोट्स्वानाला गेलो होतो, त्या ट्रिपचे म्होरके तेच. कुंपण नाही, जवळपास दुकान नाही, शिधा आपला आणि स्वयंपाकही आपणच करायचा, असा रानातला कॅम्प त्यांनी हट्टाने निवडला. "लॉजमध्ये बसून प्राणी बघायचे, तर मग झू काय वाईट?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डाळ-तांदूळ, कुकर, मिसळणाचा डबा, सगळं आम्ही इथून वाहून नेलं. तिथे काका खुर्ची टाकून बसत आणि पिठल्यात मीठ कमी असल्याचं सांगत. कांदा एकदाही चिरला नाही. पण काकूंचे गुडघे दुखत, तर त्यांना जीपमध्ये चढता यावं म्हणून हा माणूस रोज मातीत ओणवा होऊन पाठीची पायरी करून देई. तेही खोटं नाही.

संत्री तंबूत ठेवू नका, हत्तीला वास लागतो, असं कॅम्पच्या राखणदाराने बजावलं होतं. काकांनी पिशवीभर संत्री खाटेखाली ठेवली. एका संध्याकाळी हत्ती आला आणि सोंडेने तंबूचं कापड ओढायला लागला. काका आत होते, खाटेखाली, संत्र्यांच्या शेजारी. मी आणि काकू स्वयंपाकघराच्या भिंतीआड. शेगडीवरची खिचडी सोडून अरुण, माझा नवरा, हळूच जीपमध्ये जाऊन बसला आणि हत्ती कंटाळून जाईपर्यंत इंजिन घुमवत राहिला.

अमेरिकेत परतल्यावर काकांच्या गोष्टीत जीपमध्ये काका बसले आणि खाटेखाली अरुण गेला. मी चिडले की अरुण हसायचा. जाऊ दे, छान रंगवतात, म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या शोकसभेतही काकांनी हीच गोष्ट सांगितली, मायेने, डोळे पुसत. लोक रडता रडता हसले. माझा माणूस जगातून गेला, पण खाटेखालून काही सुटला नाही. त्याच दिवशी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

काकांच्या पंचाहत्तरीला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी गोष्ट सांगितली. खरी. त्यांच्यासारखाच आवाज खाली आणून. पुढे बसलेल्या नातीने विचारलं, "आजोबा, वॉज दॅट यू अंडर द बेड?"

"हो बेटा. मीच होतो."

मी जागेवर येऊन श्रीखंड खाल्लं. अरुण गेल्यापासून इतकं गोड काही लागलं नव्हतं.

निघताना काका माझ्या मागे पार्किंग लॉटपर्यंत आले. भांडायला आले असतील तर मी तयारच होते.

"येताना विमानात अरुणच म्हणाला होता," ते म्हणाले. "काका, नातवंडांना सांगताना जीपमध्ये तुम्ही बसा. माझं काय, मी खाटेखाली मजेत असेन. मी नको म्हणायला हवं होतं गं."

खोटं म्हणावं, तर शब्द अरुणचेच होते. मला एका अक्षराने न विचारता आपली गोष्ट परस्पर देऊन मोकळा झाला होता. मी काकांना नमस्कारही न करता गाडी काढली, आणि घर येईपर्यंत शेजारच्या रिकाम्या सीटशी कडाकडा भांडले.