पागोटं उतरवलं त्या दिवशी

मी उंच आहे. आमच्या भाजे गावात माझ्या वयाच्या मुलींत मी उठून दिसायची, आणि आबांखेरीज घरात दारातून वाकून आत येणारी मी एकटीच. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते आबांना, माझ्या वडिलांना. दोन स्थळं माझी उंची बघून परत गेली होती, मला अठरावं सरलं होतं आणि गावात तोंडं सुटली होती. तिसरं स्थळ लोणावळ्याचं आलं, मुलगा रेल्वेत पॉइंटमन, रुळांचे सांधे बदलणारा. हेही हातचं गेलं, तर मला इंदुरीच्या एका बिजवराला द्यायचं घरात ठरलंच होतं. त्याला दोन मुलं होती. मला तो मुळीच नको होता.

चुलतीने तोड काढली. "गुडघ्यात वाकून चाल. लुगड्यात कुनाला दिसतंय?" आमची लुगडी पोटरीच्या वर असायची, भातखाचरातल्या चिखलामुळे. त्या दिवशी मात्र तिने शहरातल्या बायकांसारखं माझं लुगडं पार घोट्यापर्यंत सोडलं.

मळवली स्टेशनवरून पाहुणे चालत आले. मुलगा, त्याचे मामा आणि आत्या. मुलाचं पागोटं एवढं उंच बांधलेलं, की माणूस पागोट्याला टांगल्यासारखा वाटावा.

"चालून दाव," आत्याबाई म्हणाल्या. मी गुडघे वाकवून चालले. मांड्या भरून आल्या. मग त्यांनी माझा अंबाडा सोडला आणि गंगावन तर नाही ना, म्हणून केसांना चांगला हिसका दिला. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्याने भागलं नाही. बोट ओलं करून त्यांनी माझा गाल चोळला, रंग खरा की पावडर ते बघायला. तिथे माझं डोकं फिरलं.

"आत्याबाई, माझं समदं बघून झालं. आता ह्यांचं पागोटं उतरवा. मला बी बघू द्या."

आमच्याकडे चारचौघांत पुरुषाचं पागोटं उतरतं ते घरात कुणी गेलं तर, नाहीतर कुणाच्या पायावर घालून गयावया करायची वेळ आली तर. मामा ताडकन उठले. "सोयरिकीला आलोय का सुतकाला?" आबांचा चेहरा उतरला. इंदुरीचा बिजवर मला उंबऱ्यात उभा दिसायला लागला. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

मुलगा मात्र हसला. त्याने पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. पंचविशीतच टाळू पार मागपर्यंत उघडी पडली होती.

"घ्या, हे आसं हाय," तो म्हणाला. "मामा, बसा खाली. उद्या घरात मी बोडकाच बसनार हाय की." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुमी बी गुडघं सरळ करा. मगाधरनं बघतोय, पाय लय दुखलं असतील."

चुलती स्वयंपाकघरात पळाली. मी सरळ उभी राहिले. तोही उठून माझ्या शेजारी आला. त्याचा माथा माझ्या कानापर्यंतच पोचला.

"मला पसंत हाय," तो आत्याबाईंना म्हणाला.

मुलाने हो म्हटलं की बोलणं संपलं, अशी तेव्हाची रीत. सगळे आबांच्या हातातल्या गुळाच्या ताटलीकडे बघू लागले. आबांनी ती पुढे केली नाही. ते माझ्याकडे वळले.

"पोरी, तुला पसंत हाय का?"

आमच्या घरात हे कुठल्याच मुलीला कुणी विचारलं नव्हतं. मी मुळीच घाई केली नाही. त्याची टाळू बघितली, कान बघितले, ग्रीसने काळी पडलेली नखं बघितली. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो मान खाली घालून, पागोटं दोन्ही हातांनी घट्ट धरून, माझ्या तोंडून काय निघतं याची वाट बघत होता. मला तो फार आवडला.

"व्हय, आबा," मी म्हणाले. "वाटा गूळ."