आबांची सिस्टर

शुभांगीनं वीस वर्षं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. सूर्यभानआबा ओसरीवर असले की ती मागच्या दारानं ये-जा करायची. आता म्हातारा सगळं विसरला, जेवल्याचं विसरला, बायको गेल्याचं विसरला; सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही रीत तेवढी नेमकी ध्यानात राहिली. ती आंघोळीला न्यायला गेली की धोतर दोन्ही हातांनी आवळून धरायचा, ओरबाडायचा. आठ-आठ दिवस तसाच. खोलीत पाऊल टाकवत नसे.

शेवटी तिनं पोरीचा, पूजाचा, कॉलेजातला पांढरा ॲप्रन चढवला, डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि दवाखान्यातल्या बायांसारखं दरडावलं. म्हातारा मुकाट उठला. तेव्हापासून रोज तेच. मोरीत प्लास्टिकची खुर्ची, आधी पायांवर कोमट पाणी, मग अंग. मांडीवरचा टॉवेल शेवटपर्यंत हलवायचा नाही. एकेक गोष्ट ती बोचकारे खाऊन शिकली होती. आणि आबा अंग चोळून घेता घेता या नव्या सिस्टरला सांगायचे, सून बघायलाबी येत न्हाई. तिचा नुसता संताप व्हायचा. त्याच संतापात ती त्यांचे पाय पुसायची.

नवरा गोरक्ष नागापूरला कारखान्यात. बायको आपल्या बापाला आंघोळ घालते हे सांगायची त्याला लाज. बहिणीला त्यानं फोनवर ठोकून दिलं, बाई लावलीय.

रविवारी ती बहीण, जयमाला, शिर्डीहून पेढे घेऊन आली. आबांनी तिलाही सुनेचं गाऱ्हाणं ऐकवलं. जयमालानं तोंड वाकडं केलं. "वहिनी, समदं करायला बाई हाय. तुमी निदान दोन घास तरी भरवत जा."

शुभांगीनं नवऱ्याकडे पाहिलं. हीच करते सगळं, एवढंच त्यानं म्हणावं. गोरक्षनं पेढा तोंडात टाकला आणि मोबाईल उघडला.

तेवढ्यात आबांच्या खाटेवरून घाण वास आला. जयमालानं पदर नाकाला लावून विचारलं, ती बाई कुठंय?

शुभांगी उठली. खुंटीवरचा ॲप्रन तिनं दोघांच्या देखत अंगात घातला, पदर काढून कमरेला खोचला. जयमाला बघतच राहिली. नाकावरचा पदर मात्र तिनं काढला नाही, आणि जागचीही हलली नाही.

आबांनी लगेच हात पुढे केला. "सिस्टर, सुनंला आत येऊ देऊ नगा."

"न्हाई येनार ती," शुभांगी म्हणाली आणि त्यांना मोरीकडे घेऊन गेली.