आवाज खाणारा रॅक

"हाय. अजून हाय."

रॅकला कान लावून, डोळे मिटून मामा एवढंच म्हणायचे, आणि माझ्या हातातला पेचकस गळून पडायचा. सकाळपासून आवळलेले सगळे स्क्रू पुन्हा सोडायचे, असा त्याचा अर्थ. मामा चिडायचे नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा ते रॅकवरून हात फिरवायचे आणि चहा सांगायला खाली जायचे.

तुम्ही छत्रपती संभाजीनगरात राहिला असाल, तर मामांना ओळखता. फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत शिरते, "जरा थांबा, कामाचं आहे" असं कुणीतरी म्हणतं, आणि तुम्ही हातातलं काम ठेवून खरंच थांबता. साड्यांचा सेल असो, नळाला पाणी येणार नसो, छावणीच्या बाजारात चुकलेलं पोर असो, तो आवाज मामांचा. माणूस वैजापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला. "आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती," ते सांगायचे. "मेंढरं त्या टेकडीला, आन् आमी ह्या टेकडीला."

मी इकडचा नाही, चंद्रपूरकडचा. नववीत शाळा सुटली. वाळूजच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलची वायरिंग करत होतो, ते कंत्राट संपलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून उस्मानपुऱ्यात मामांच्या स्टुडिओत गेलो. किती शिकलात, हा प्रश्न येणार म्हणून जिना चढतानाच मी उत्तर जुळवत होतो. मामांनी विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, "जेवून राहिलो होतो मगाशी." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुमच्याकडं माणूस जेवत नाय, जेवून राहतंय व्हय! बरं, इथंच राहा मग." मागच्या खोलीत एक खाट होती, ती माझी झाली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मी "पाव्हणं" होतो.

माझ्या खाटेची खोली सोडली तर स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. माइकच्या खोलीत भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. बाहेरच्या खोलीत तो रॅक. रॅक म्हणजे लोखंडी उभा सांगाडा. त्यात एक चौकट बसवायची आणि चौकटीत पुस्तकं लावावीत तसे लहान लहान डबे सरकवायचे. त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक आवाज वाढवतो, एक दाबतो, एक त्याला अंग देतो. सांगायला सोपं आहे.

आता बसवून बघा. चौकोनी भोकात स्प्रिंगची नट दाबून बसवायची असते. ती बसत नाही, उडते, आणि जाताना नखाखालची कातडी घेऊन जाते. मामा डबे विकत घ्यायचे ते बंद पडलेल्या स्टुडिओंतले, प्रत्येक वेगळ्या कंपनीचा. एखादा केसभर रुंद निघायचा, मग शेजारचा आत जायचा नाही. एकाच्या स्क्रूचे आटे दुसऱ्याच्या भोकाला लागायचे नाहीत. मागची पिन डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपायची. सगळं जुळलं की कळायचं, मागच्या वायरीला वळायला जागाच नाही, रॅक भिंतीपासून ओढायला हवा. रॅक ओढला की फरशी वाजायची आणि खालच्या मजल्यावरच्या बाई झाडू घेऊन वर यायच्या.

"काय मेंढरं बांधली का काय वर?" त्या विचारायच्या.

"मेंढरं असती तर ऐकली असती, ताई," मामा म्हणायचे.

एवढं करून शेवटी मामा कान लावायचे. आत घरघर असायचीच. एक डबा उचलून दुसरीकडं बसवला की ती कमी व्हायची आणि तिसऱ्यातून निघायची.

"ह्यांची भावकी हाय, पाव्हणं," मामा एकदा गंभीरपणे म्हणाले. "पंगतीत ह्या दोघांना शेजारी बसवू नका. मधी कोणीतरी बाहेरचं बसवा." मी दोघांच्या मधे एक घर रिकामं सोडलं. घरघर खरंच कमी झाली. मामांनी त्या रिकाम्या घराला "पाव्हण्याची जागा" असं नाव दिलं.

खंडेनवमीला तर कहर झाला. हत्यारांची पूजा म्हणून मामांनी प्रत्येक डब्याला हळद-कुंकू वाहिलं, तेही चौकट उघडी असताना. दुसऱ्या दिवसापासून रॅक खरखरायला लागला. मी सगळ्या वायरी तपासल्या, आता आपलं इथलं संपलं असं वाटलं. शेवटी एक डबा बाहेर काढला तर पिनांवर कुंकू. मामांनी ते बोटावर घेतलं आणि स्वतःच्याच कपाळाला लावलं. "देवाचं काय चुकलं नाय," म्हणाले. "मीच वरून खाली वाहिलं. बाजूनं लावाया पायजे होतं."

ही सगळी झटापट कशासाठी, ते सांगायला हवं. मामांना आपला आवाज पूर्वीसारखा ऐकू येईनासा झाला होता. साडीवाल्या शेठनं एकदा तोंडावर सांगितलं, "मामा, आवाज बसल्यावानी वाटतो. दुसऱ्याकडून करून घेऊ का?" मामा स्टुडिओत आले आणि रॅककडं बोट दाखवून म्हणाले, "हे मशीन माझा आवाज खातंय." तेव्हापासून नवा डबा यायचा, जुना निघायचा. मशीन आवाज खातंय म्हणजे वायरिंग खातंय, आणि वायरिंग माझी. मी झोपेतसुद्धा जोड मोजायचो. ज्या माणसानं छप्पर दिलं त्याच्या पोटावर आपण पाय देतोय, ही भीती मी कुणाला सांगितली नाही.

एका दुपारी मामांनी कान लावला आणि "हाय" म्हटलंच नाही. मीही कान लावला. रॅक गप्प होता. घरघर नाही, खरखर नाही.

"बसा मामा माइकवर," मी म्हटलं. ते घोंगड्यांच्या खोलीत गेले. "जरा थांबा, कामाचं आहे." मी ते रेकॉर्ड करून पुन्हा लावलं, दोघांनी ऐकलं. आवाज कडेनं फाटलेला होता, जुन्या धोतरासारखा. रॅक घरघरत होता तोवर ते फाटलेपण त्यात झाकून जात होतं. आता झाकायला काही उरलं नव्हतं.

माझी चूक नव्हती, हे मला आधी सुचलं. हायसं वाटलं, आणि मग मी मामांकडं बघितलं.

"मशीनचा काय गुन्हा नव्हता म्हणा की," मामा सावकाश म्हणाले. "उगाच बदनाम केलं गरिबाला."

त्यांची मुलगी नाशिकहून आली, दवाखाने झाले. स्वरयंत्रावर गाठ होती. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि नंतर आवाज राहील असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. परत आल्यावर मामांनी मला सांगितलं, "जेवढं बोलायचं तेवढं आताच बोलून ठेवू. नंतर तुमी तुकडे जोडत बसा."

मग आम्ही साठा करायला बसलो. वार, आकडे, सकाळ, संध्याकाळ, भव्य, फक्त, शेवटची संधी. गावं ते पाठ म्हणायचे नाहीत, रस्त्यानं जायचे. "आज वैजापूरची वाट धरू," म्हणायचे आणि डोळे मिटून एकेक गाव घ्यायचे. मधेच गरम पाणी. मधेच नुसतं बसणं. आवाज फाटका होता, पण त्यांचाच होता. गप्प रॅकमधून तो जसाच्या तसा उतरत होता, आणि पहिल्यांदाच मला त्या मेलेल्या नटांचे उपकार वाटले.

"मामा, 'दुःखद निधन' तेवढं राहिलं," मी म्हटलं. ते काम सगळ्यात जास्त यायचं.

"ते नाय."

"पण लागंल ना मामा. तुम्ही नसाल तेव्हा—"

"अजून कोणी गेलं नाय, आन् मी आधीच सांगून ठिवू? जित्या माणसांचं मरण साठवून ठेवत नसत्यात, पाव्हणं. ते ज्या दिवशीचं त्या दिवशी बोलायचं." कुणी गेलं आणि त्या घरची माणसं आली की मामा आधी विचारायचे, घरात काय म्हणायचे त्यांना? आणि पुकारताना ते नाव एकदा तरी घ्यायचे. हे मी कितीदा पाहिलं होतं.

ऑपरेशननंतर मामांचा आवाज गेला तो गेलाच. गळ्याला मफलर गुंडाळून ते रोज यायचे. मी तुकडे जोडून सेलच्या जाहिराती बनवायचो, ते मान हलवून हो-नाही सांगायचे. एके सकाळी एक माणूस जिना चढून आला. आई वारली होती. अंत्यविधी त्याच दिवशीचा, नातेवाईक गावभर पसरलेले, फोन कुणाकुणाला करणार? "मामांच्याच आवाजात करा," तो म्हणाला. "माझ्या बापाचं मामांनीच केलं होतं."

मामांनी नकारार्थी मान हलवली. मग माझा दंड धरून मला माइकच्या खुर्चीत बसवलं.

"मामा, माझी बोली ही अशी. लोक हसतील हो. त्यांच्या आईचं आहे..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं, त्या माणसाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "घरात काय म्हणायचे आईंना?"

"जिजी," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठं रडला.

"जरा थांबा, कामाचं आहे" हे मी म्हणालो नाही. ते माझं नव्हतं. नाव सांगितलं, जिजी म्हणून सांगितलं, ठिकाण आणि वेळ सांगितली. काचेपलीकडं मामा आवाजाचं बटण हळूहळू फिरवत होते.

आता मामा नाशिकला मुलीकडं असतात. बरे आहेत, असं ती फोनवर सांगते. फोनवर त्यांना बोलता येत नाही, म्हणून मीच बोलतो आणि ते ऐकतात. रॅक आहे तसा आहे. पण मामा म्हटलं की मला जिजींचं पुकारलं त्याच दिवशीची दुपार दिसते.

रिक्षा निघाली तेव्हा आम्ही दोघं खाली चहाच्या टपरीवर उभे होतो. भोंग्यातून माझा आवाज आला आणि मी पेल्यात बघत राहिलो. रिक्षा पुढं गेली. शेजारच्या माणसानं पेला खाली ठेवला होता. तो मामांना म्हणाला, "आवाज नवा दिसतो. कोणाचा हो हा?"

मामांचे ओठ सवयीनं उघडले आणि मिटले. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. त्या माणसानं मला नीट पाहून घेईपर्यंत त्यांनी ते खाली घेतलं नाही.