उसवलेला ब्लाउज

मला शिवण येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. येतं असं समजणारी एकच बाई आहे, आणि ती नणंदेची सासू आहे.

नेरूळला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पलीकडच्या सेक्टरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिवण शिबिर ठरलं. शनिवार पूर्ण, रविवारी दुपारपर्यंत. त्याच रविवारी संध्याकाळी घरी माझ्या नणंदेचा, सुनंदावन्संचा साखरपुडा. मी नको म्हणणार होते, पण सासूबाईच म्हणाल्या, "जा तू. घरात राहून तरी काय करणार? मध्ये मध्येच येशील."

शिबिराच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज आणावा. माझे सगळे पोत्यासारखे. घरात नीट बसणारा एकच होता, वन्संचा साखरपुड्यासाठी शिवून आलेला मोरपंखी रेशमी. नुसतं माप तर घ्यायचं, म्हणून न विचारता पिशवीत घातला. (विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते माझ्याच्याने होत नाही.)

शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि म्हणाल्या, "जुना ब्लाउज आणलाय ना? आता सगळ्या शिवणी उसवा. सुटे तुकडे कागदावर ठेवून आखायचे."

माझा नवा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण वीस बायका, आणि सगळ्यांसमोर बोलायचं.

शेजारच्या मशिनीवर जवळच्या सारसोळे गावची एक कोळीण बसली होती. ती वाकून म्हणाली, "गो बाय, ह्यो तर कोरा हाय. कोनाचा?"

"नणंदेचा."

"मंग उसवतेस कशाला?"

"बाईंनी सांगितलं."

तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाई आमच्या ओळीत आल्या. मी घाईघाईने पहिली शिवण उसवली. मग दुसरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वन्संचा साखरपुडा माझ्यापुढे सात तुकड्यांत पडला होता.

घरी मशीन नव्हती. जोडायचा तो इथेच. शनिवारी पाठ आणि छाती जोडली. घरी आले तर वन्सं कपाट उपसत होत्या. "वहिनी, माझा ब्लाउज बघितलास?"

"इस्त्रीला दिलाय," मी म्हटलं. लग्नानंतरचं माझं ते सर्वांत लांब खोटं.

रविवारी शिबिर संपता संपता दुसरी बाही लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच बाई फळ्यापाशी गेल्या. "आता नीट ऐका. बाहीची पुढची बाजू जास्त खोल असते. डावी बाही उजवीकडे लावली तर हात वर होत नाही."

मी बाह्या बघितल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. कोळणीने माझ्याकडे बघितलं. "झाला?" तिने विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. मशिनी बंद झाल्या. खाली आमचे हे स्कूटर घेऊन उभे.

पाहुणे बाहेर बसले होते तेव्हा वन्संनी ब्लाउज घातला. "वहिनी, परवा तर बरोबर होता. मी जाड झाले का?"

"थोड्या," मी म्हटलं. (देवाने मला क्षमा करावी. वन्संनी अजून केलेली नाही.)

पाटावर बसल्या तेव्हा त्यांचे हात अंगाला चिकटलेले. नवऱ्यामुलाने अंगठी घालायला बोटं धरली, तर कोपर सुटेना. तोच बिचारा पुढे सरकला. पदर घसरला तो त्यांना सावरता येईना, मीच धावले. नमस्काराला त्या वाकल्या तेव्हा काखेत टर्र असं काहीतरी वाजलं आणि मी डोळे मिटले. आता सोयरीक मोडली.

उघडले तर मुलाची आई कौतुकाने सासूबाईंना सांगत होती, "मुलगी किती मर्यादेची हो. हात म्हणून हलवत नाही. आजकाल बघायला मिळतं का असं? आणि ब्लाउजचा रंग किती गोड. कोणी शिवला?"

उसवलेल्या काखेतली माझी वाकडी शिवण बघून वन्संना तोवर सगळं कळून चुकलं होतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी भिंतीला टेकले. मग गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या वहिनीने. शिबिराला जाते ना."

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या, "मग लग्नातला माझाही तुम्हीच शिवा. अगदी अस्साच."

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी मान डोलावली.