दारं सरली की आत्या येणार होती

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून दुसऱ्याच वर्षाला आहे. वयानं मोठ्या, त्यातून परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांबद्दल वाईट लिहिणं मला शोभत नाही, हेही कळतं. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण मागच्या डिसेंबरात माझ्या आतेभावाच्या घरचा नाताळ मी मोबाइलवर इतका पाहिला, की तो मनातून जात नाही.

आम्ही लहान असतानाच आई गेली. मला आणि ताईला आत्यानं वाढवलं. ती बाबांची मोठी बहीण, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, इंजिनियर होऊन युरोपात गेला आणि तिकडचाच झाला. त्याला एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही लहान. नवराबायको दोघं नोकरीवर. दिवाळी झाल्यावर त्यानं आत्याला तिकडं बोलावून घेतलं. आईला जग दाखवतो म्हणाला.

आत्या एका अटीवर गेली. ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मोताळ्याजवळ आमच्या गावी, व्हायचं होतं. त्याच्या आत तिला परत यायचं होतं. घरात बाबा आणि मी. बाळंतिणीला शेक कसा द्यायचा, बाळाला पायावर घेऊन अंघोळ कशी घालायची, आम्हा दोघांना काय कळणार? ताईच्या सासूबाई लोणारहून सारखा फोन करायच्या. आत्याबाई येत नसतील तर पोरीला आम्ही इकडं घेऊन जातो, म्हणायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं. पण ताईला आत्याच जवळ हवी होती. विचारलं की ती एवढंच म्हणायची, "आत्या असली का मले भेव नाही लागत."

आपल्याकडे नाताळ म्हणजे कॅलेंडरवर एक लाल तारीख. तिकडं तो डिसेंबर लागल्यापासून सुरू होतो, हे मला दादाच्या फोटोंवरून समजलं. अख्खं झाड विकत आणून बैठकीत उभं केलेलं. सण झाला की ते रस्त्यावर टाकतात आणि गाडी येऊन उचलून नेते, हे तो आम्हाला फार कौतुकानं सांगायचा. चौघांनी सारखे लाल स्वेटर घातलेले. आत्यासाठी स्वेटर मिळाला नाही वाटतं, तिच्या डोक्यावर नुसती लाल टोपी, कडेवर छोटा. फोटोखाली दादानं लिहिलेलं, कुटुंब हीच खरी श्रीमंती. त्याखाली आमच्या गावातल्यांनी हात जोडलेले. ज्यांच्या घरी आत्या कधी चहाला गेली नाही, तेही.

थंडीसाठी त्यांच्या टीव्हीवर दिवसभर जळती लाकडं लावलेली असायची. खरी नव्हे, चित्रातली. बाबांनी व्हिडिओ कॉलवर ती बराच वेळ निरखून पाहिली आणि विचारलं, "बाई, त्याचा शेक लागते का?"

"नाही रे," आत्या म्हणाली. "आवाज येते फक्त."

वहिनी पुण्याच्या. आत्यानं तळलेल्या करंज्या त्यांनी रंगीत डब्यांत भरून ऑफिसात वाटल्या आणि 'ख्रिसमस स्पेशल, स्वतःच्या हातच्या' म्हणून फोटो टाकला. हात कुणाचे ते फोटोत दिसत नव्हतं. मुलं बिचारी गोड होती. आत्याच्या मागेमागे हिंडून ती 'काऊन' आणि 'मले दे' शिकली. त्यावर दादानं आत्याला समजावलं, की मुलांशी जरा शुद्ध बोलत जा, पुढं त्यांना त्रास होईल. लहानपणी स्वतः ज्या बोलीत जेवायला मागितलं, तिचा त्रास होईल म्हणाला. आत्या त्यानंतर मुलांशी कमी बोलायला लागली.

त्यांच्याकडं पुठ्ठ्याचं एक घर होतं. त्याला छोटी छोटी दारं. रोज एक दार उघडायचं, आतलं चॉकलेट मुलांनी खायचं, आणि दारं संपली की नाताळ. दादानं आत्याला सांगितलं होतं, एवढं उरकलं की तुझं तिकीट. ती ताईला फोनवर म्हणायची, दारं सरत आली वं. तिकडं नात चॉकलेटसाठी दारं उघडायची आणि इकडं ताई त्यांच्यावर दिवस मोजायची.

मी एकदा धीर करून दादाला तिकिटाचं विचारलं. पाळणाघर बंद, शाळा बंद, दोघांच्या ऑफिसच्या पार्ट्या, असं त्यानं आधी सगळं सांगितलं. मग आवाज बदलून म्हणाला, "ख्रिसमस हा फॅमिलीचा सण असतो रे. अशा वेळी आई आमच्यासोबत नको? तुम्हा लोकांना यातली भावना नाही समजायची."

मी हो म्हणालो. मला त्याच्यापुढं बोलता येत नाही. पण त्या दिवसापासून मला त्याचा राग येणं बंद झालं. राग यायला समोरचा माणूस आपल्याला थोडा तरी मोठा वाटावा लागतो.

नाताळच्या दिवशी त्यानं आम्हाला मुद्दाम कॉलवर बोलावलं. आईला सरप्राइज आहे म्हणाला. आम्हाला वाटलं, तिकीट. ताई अंगणात बाजेवर बसली, शेजारच्या काकूही आल्या. मुलांनी भल्यामोठ्या खोक्याचा कागद टराटरा फाडला. आतून घोट्यापर्यंतचा जाड कोट निघाला आणि बर्फात घालायचे बूट. वहिनी हसून म्हणाल्या, आता आईंना थंडीचं निमित्त चालणार नाही. दादा म्हणाला, तिकीट पुढं ढकललंय, उन्हाळ्यापर्यंत इथंच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या अंगणात काकू म्हणाल्या, "नशीब काढलं बाई आत्याबाईनं."

आत्यानं कोटावरून हात फिरवला. टोपी डोक्यावर तशीच होती. मग तिनं नातीच्या हातातून मोबाइल घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"पोरी, तू सासरी जाय. माही वाट पाहू नोको."

ताईनं मान हलवली. पलीकडून दादा ओरडला, आई, आता सगळे मिळून फोटो.

दोन दिवसांनी सासूबाई गाडी घेऊन आल्या आणि ताईला घेऊन गेल्या. बाबा गाडीमागं फाट्यापर्यंत चालत गेले. नवीन वर्षाला दादाचा फोटो आला. कोट घातलेली आत्या बर्फात उभी, दोन्ही हातांना मुलं. आई असली की सण पूर्ण होतो, असं खाली लिहिलेलं. यावेळी मी तो बाबांना दाखवला नाही.

पुढं जानेवारीत एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो आणि मोबाइल वाजला. लोणारहून असेल असं वाटलं, पण आत्याचा होता. तिकडं अजून अंधार असणार. घरातले झोपलेले, म्हणून ती अगदी हळू बोलत होती. म्हणाली, ताईचा फोन आला होता आत्ता, दवाखान्यातून. सासू बाजूलाच होती, पण पोरीनं पहिला फोन मलेच लावला. मी काही विचारायच्या आत तिनं विचारलं, बाबा कुठं आहेत. गोठ्यात आहेत म्हणालो.

"त्याले हाक मार," ती म्हणाली. "पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत."